होकायंत्र आणि टोपोशीट: सह्याद्रीत दिशा काढण्याची पद्धत, पायरी पायरीने

ट्रेकला निघालेल्या दहा जणांत दोघा-तिघांच्या सॅकमध्ये तरी होकायंत्र असतं. पण धुकं उतरलं, पठारावरची ढोरवाट फुटली की ते बाहेर निघतं, सगळे त्याभोवती जमतात आणि "उत्तर ही" एवढ्यावर गोष्ट थांबते. उत्तर कळल्याने वाट कळत नाही. आपण नकाशावर कुठे आहोत आणि जायचंय ते ठिकाण उत्तरेपासून किती अंशांवर आहे, हे दोन्ही कळलं तरच त्या सुईचा उपयोग. नेमक्या याच कामात त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होतात.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. सुई थेट चुंबकीय ध्रुवाकडे रोखलेली नसते. आपण उभे असतो तिथल्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला ती समांतर होते. त्यामुळे तिने दाखवलेली उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांत ठिकाणानुसार फरक पडतो, त्याला दिक्पात म्हणतात. महाराष्ट्रात हा फरक साधारण एका अंशाच्या आत आहे. म्हणजे सह्याद्रीत दिशा वीस अंशांनी चुकली तर दोष ध्रुवाचा नाही, जवळपास कुठेतरी लोखंड किंवा चुंबक आहे. आणि अगदी उलटी, 180 अंशांनी चुकली, तर बहुतेक वेळा तबकडी उलटी लावलेली असते. या दोन चुका टाळल्या की निम्मं काम झालं.

पुढे "बेअरिंग" हा शब्द वारंवार येईल. बेअरिंग म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेला कोन. पूर्व 90, दक्षिण 180, पश्चिम 270.

## 1. साहित्य जमवा

होकायंत्र. पारदर्शक पट्टीचं घ्या. किल्लीच्या साखळीतलं, शिट्टीत बसवलेलं किंवा घड्याळाच्या पट्ट्यावरचं नको, त्याने कोन मोजता येत नाही. पट्टीवर पुढे जाणारा एक बाण असतो, त्याला या लेखात दिशाबाण म्हणू. वर 0 ते 360 अंशांची फिरती तबकडी असते. तबकडीच्या तळाशी सुईच्या आकाराची चौकट आणि तिला समांतर बारीक रेषा असतात. सुईचं उत्तरेचं टोक बहुधा लाल असतं.

परदेशातून कुणी भेट आणलेलं होकायंत्र असेल तर एक गोष्ट आवर्जून बघा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर नसतं, ते तिरकं असतं. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. मुंबई-पुण्याकडे सुईचं उत्तर टोक साधारण 25 ते 27 अंशांनी खाली ओढलं जातं. उत्तर युरोपात ही ओढ 65-75 अंशांची, तर ऑस्ट्रेलियात दक्षिण टोक खाली जातं. सुई आडवी राहावी म्हणून कंपन्या तिला त्या त्या प्रदेशाप्रमाणे तोल देतात. त्यामुळे युरोपसाठी केलेल्या सुईचं आपल्याकडे दक्षिण टोक लोंबतं, ऑस्ट्रेलियातल्या सुईचं उत्तर टोक. लोंबतं टोक तळाला घासलं की सुई अडकते आणि आपल्याला वाटतं ती स्थिर झाली. खरेदी करताना "ग्लोबल" सुईचं मिळालं तर हा प्रश्नच येत नाही.

नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाची 1:50,000 ची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा सविस्तर नकाशा. या प्रमाणात 2 सेंटीमीटर म्हणजे 1 किलोमीटर. पीडीएफ छापायला देताना दुकानदार ती "फिट टू पेज" करतो आणि तिथेच प्रमाण बिघडतं. छापून आल्यावर नकाशाखालची मोजपट्टी शाळेतल्या पट्टीने मोजा. 1 किलोमीटरची खूण 2 सेंटीमीटर भरली नाही तर ती प्रत अंतर मोजायला निकामी.

सोबत शिसपेन्सिल, लांब पट्टी आणि नकाशासाठी जाड प्लास्टिकची पिशवी. पावसाळ्यात पिशवी नसेल तर नकाशा नाहीच असं समजा.

## 2. निघण्याआधी होकायंत्र तपासा

ही तपासणी घराच्या गच्चीवर करू नका. स्लॅबमध्ये सळया असतात, त्यांच्यावर सुई भलतीकडेच वळते. मोकळ्या मैदानात जा. गोलपोस्ट, जाळीचं कुंपण, दिव्याचा खांब आणि उभ्या गाड्या यांच्यापासून बरंच लांब.

1. सुई मोकळी आहे का? यंत्र तळहातावर आडवं धरा. सुई थोडी हलवून सोडा. ती प्रत्येक वेळी त्याच जागी थांबली पाहिजे.
2. बुडबुडा. द्रवात बारीक बुडबुडा चालतो. सुईला अडवण्याइतका मोठा असेल तर यंत्र बदला.
3. सुई उलटली आहे का? फोनचा स्पीकर, फ्लिप कव्हरचं चुंबक किंवा ब्लूटूथ स्पीकर यांच्या शेजारी राहिलेल्या होकायंत्राची सुई उलटी चुंबकित होऊ शकते. मग लाल टोक दक्षिण दाखवतं. सकाळी सूर्य पूर्वेला असताना एकदा पडताळून बघितलं तरी हे लगेच कळतं.
4. खऱ्या उत्तरेशी तुलना. याला वेळ लागतो, पण होकायंत्रावर भरवसा बसतो तो याच तपासणीने.

चौथ्या तपासणीसाठी सपाट जमिनीवर एक सरळ काठी ओळंब्याने उभी करा. सकाळी नऊ-साडेनऊला सावलीच्या टोकाशी खूण करा. काठीच्या बुंध्याला दोरी बांधून, त्या सावलीएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ जमिनीवर काढा. सावली आखडत जाईल, दुपारनंतर पुन्हा वाढेल. तिचं टोक त्या वर्तुळाला दुसऱ्यांदा टेकेल तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम, तिला काटकोनात काढलेली रेषा म्हणजे खरी दक्षिणोत्तर. आता होकायंत्र त्या रेषेवर धरा. सुई दोन-तीन अंशांच्या आत जुळली पाहिजे. एवढा फरक हाताच्या कामात राहतोच.

> सावध: "बारा वाजताची सावली म्हणजे उत्तर" हा नियम वापरू नका. आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर चालतं. मुंबईत सूर्य माथ्यावरच्या दक्षिणोत्तर रेषेवर येतो तो वर्षभरात साधारण 12:22 ते 12:53 दरम्यान. शिवाय मेच्या मध्यापासून जुलैअखेरीपर्यंत मुंबई-पुण्यात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, त्या काळात दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. वर्तुळाची रीत मात्र तेव्हाही चालते, ऊन मिळालं तर.

रात्री मुक्काम असेल तर ध्रुवतारा आहेच. तो खऱ्या उत्तरेपासून एका अंशाच्या आत असतो आणि क्षितिजावर तुमच्या अक्षांशाइतक्या उंचीवर दिसतो. पुण्यातून साडेअठरा अंशांवर, म्हणजे लोकांना वाटतं त्यापेक्षा बराच खाली. धूसर हवेत तो लपतो.

## 3. दिक्पात किती धरायचा ते ठरवा

महाराष्ट्र आणि गोव्यात पायी चालताना दिक्पात शून्य धरला तरी चालतं. हाताने घेतलेल्या बेअरिंगमध्ये दोन अंशांची चूक असतेच, तिथे अर्ध्या अंशाचा हिशेब करण्यात अर्थ नाही. नकाशाच्या जाळीच्या उभ्या रेषा आणि खरी उत्तर यांत पुणे-मुंबईकडे साधारण अर्ध्या अंशाचा फरक असतो, तोही सोडून द्या.

महाराष्ट्राबाहेर मात्र हा आकडा बघितल्याशिवाय निघू नका. लडाख-हिमाचलात तो दोन-तीन अंश पूर्व होतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी ट्रेकर्सना तर याशिवाय गत्यंतर नाही. न्यू जर्सीत साधारण 12 अंश पश्चिम, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात साधारण 13 अंश पूर्व. सह्याद्रीतली सवय तिथे घेऊन गेलात तर दर किलोमीटरला दोनशे मीटरहून जास्त भरकटाल.

नियम असा: नकाशावरून होकायंत्रावर जाताना पूर्व दिक्पात वजा करा, पश्चिम दिक्पात मिळवा. नकाशावर कोन 60 अंश असेल तर सॅन फ्रान्सिस्कोजवळ तबकडी 47 वर, न्यू जर्सीत 72 वर. होकायंत्रावरून नकाशावर येताना उलट.

> तपासा: आकडा कोणत्या वर्षाचा आहे? जुन्या टोपोशीटच्या समासात दिलेला दिक्पात छपाईच्या काळातला असतो. पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातलं वितळलेलं लोखंड सतत हलतं, तसं क्षेत्रही बदलत राहतं. उत्तर चुंबकीय ध्रुव कॅनडाकडून सायबेरियाच्या दिशेने सरकत आला आहे. म्हणून जागतिक चुंबकीय प्रारूप दर पाच वर्षांनी नवं काढतात, सध्याचं 2025 चं आहे. ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये जागा आणि तारीख टाकून आजचा आकडा घ्या.

## 4. नकाशा जमिनीशी जुळवा

बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि पुढचं सगळं डोक्यात फिरवत बसतात.

1. तबकडी फिरवून 0 (उत्तर) दिशाबाणासमोर आणा.
2. पट्टीची कड नकाशाच्या उभ्या रेषेवर ठेवा. दिशाबाण नकाशाच्या वरच्या बाजूला.
3. होकायंत्र नकाशावरून न हलवता नकाशासकट स्वतः फिरा. सुईचं लाल टोक चौकटीच्या उत्तर टोकात बसलं की थांबा.

आता नकाशावर जे उजवीकडे आहे ते जमिनीवरही उजवीकडे आहे. समोरची सोंड, डावीकडची घळ, मागचं गाव असं एकेक ओळखा. तिन्ही जुळले पाहिजेत. एकच जुळलं तर समाधान मानू नका, सह्याद्रीत एका सोंडेसारखी दुसरी सोंड शेजारीच असते.

नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरून हे करू नका. ही चूक सर्रास दिसते.

## 5. नकाशावरून बेअरिंग काढा

1. पट्टीची लांब कड "इथून" आणि "तिथे" या दोन ठिकाणांवर ठेवा. दिशाबाण जायच्या दिशेला. तो उलटा पडला की चूक थेट 180 अंशांची.
2. पट्टी घट्ट धरून फक्त तबकडी फिरवा, तळाच्या रेषा नकाशाच्या उभ्या रेषांना समांतर होईपर्यंत. चौकटीचं उत्तर टोक नकाशाच्या वरच्या बाजूला हवं. हे खाली गेलं तरी 180 ची चूक.
3. दिशाबाणासमोरचा आकडा वाचा. गरज असेल तिथे दिक्पाताचा हिशेब करा.
4. होकायंत्र उचला, छातीसमोर आडवं धरा आणि लाल टोक चौकटीत येईपर्यंत स्वतः फिरा. दिशाबाण आता तुमची दिशा दाखवतो.

या पायरीत सुईकडे बघायचं ते फक्त चौथ्या टप्प्यात. पहिल्या तीन टप्प्यांत होकायंत्र हे निव्वळ कोनमापक आहे. सुई कुठेही बघत असो, तिच्याकडे लक्ष देऊ नका.

> तपासा: आकडा काढण्याआधी ढोबळ अंदाज बोलून दाखवा: "आपल्याला साधारण आग्नेयेला जायचंय, म्हणजे 90 ते 180 च्या मधलं काहीतरी." तबकडी 315 दाखवत असेल तर ती उलटी लागली आहे.

## 6. बेअरिंगवर चाला

1 अंशाची चूक 1 किलोमीटरवर साडेसतरा मीटर होते, 5 अंशांची 87 मीटर. पठारावर 87 मीटर म्हणजे नाळेचं (कड्यातून खाली उतरणाऱ्या अरुंद घळीचं) तोंड हुकून कड्याच्या काठावर.

हातातल्या होकायंत्राकडे बघत चालू नका. दिशाबाणाच्या रेषेत एखादं झाड, खडक, झुडूप हेरा, तिथपर्यंत जा आणि पुन्हा मोजा. दाट धुक्यात हेरायला काहीच नसतं. तेव्हा सोबत्याला दिसेल इतक्या अंतरावर पुढे पाठवा, हाक मारून डावी-उजवीकडे सरकवत रेषेत आणा, मग त्याच्यापर्यंत चालत जा. पुन्हा तेच. ही रीत संथ आहे, पण कास किंवा कोकणकड्याच्या माथ्यावर पावसाळ्यात याहून खात्रीची दुसरी नाही.

लांबट धारेवरच्या खिंडीत उतरायचं असेल तर नेम थेट खिंडीवर धरू नका. मुद्दाम चार-पाच अंश डावीकडे धरा. धार लागली आणि खिंड दिसली नाही तर ती उजवीकडेच आहे हे नक्की. थेट नेम धरून चुकलात तर कुठे वळायचं तेच कळत नाही.

> धोका: नकाशावरच्या सरळ रेषेला कडा कळत नाही. 1:50,000 च्या शीटवर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) 20 मीटर उंचीच्या फरकाने असतात, त्यामुळे पंधरा मीटरचा उभा कातळटप्पा दोन रेषांमध्ये अक्षरशः गायब होऊ शकतो. बेअरिंग बरोबर असूनही पुढे पाऊल ठेवायला जमीन नसेल, हे गृहीत धरूनच चाला. धुक्यात कड्याच्या दिशेने जाणारी रेषा असेल तर थांबा.

## 7. स्थानिक चुंबकत्व ओळखा

सह्याद्रीचा काळा कातळ बेसाल्टचा, त्यात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजं असतात. सर्वसाधारण चालताना त्याचा त्रास जाणवत नाही. पण शिखरांवर आणि धारांवर जिथे वीज पडलेली असते, तिथला खडक जोरदार चुंबकित झालेला असू शकतो. म्हणून होकायंत्र कधीही खडकावर ठेवून वाचू नका, उभं राहून छातीच्या उंचीवर धरा. गडांवर तोफा, लोखंडी कठडे आणि शिड्याही असतात, त्यांच्यापासून दूर सरका. अंगावरच्या वस्तूही बघा: कोयता, लोखंडी कडं, पॉवरबँक, चुंबकीय टेकू असलेला हेडलॅम्प, सॅकच्या छातीपट्ट्यावरचं चुंबकीय बटण. हे शेवटचं कुणाच्याच लक्षात येत नाही आणि ते होकायंत्रापासून वीतभर अंतरावर असतं.

विजेच्या प्रवाहाचीही तीच गत. मुंबईतल्या ट्राम विजेवर जाणार म्हणून कुलाबा वेधशाळेतली चुंबकीय मोजणी 1904 मध्ये अलिबागला हलवावी लागली. उच्चदाब तारांखाली उभं राहून बेअरिंग घेऊ नका.

शंका आली तर ही चाचणी करा. तुम्ही अ या जागी उभे राहून ब या जागेचं बेअरिंग घ्या. मग ब वर जाऊन अ चं घ्या. दोन्हींत बरोबर 180 चा फरक हवा. 40 गेलं आणि 220 आलं तर दोन्ही जागा स्वच्छ. 40 गेलं आणि 232 आलं तर दोहोंपैकी एका जागी गडबड आहे, तिसऱ्या जागेवरून पुन्हा घ्या. सर्वेक्षणाच्या कामात हीच कसोटी लावतात.

## 8. आपण कुठे आहोत ते शोधा

नकाशावर नक्की सापडणाऱ्या दोन खुणा दिसायला हव्यात.

1. पहिल्या खुणेकडे दिशाबाण रोखा. तबकडी फिरवून चौकट लाल टोकाखाली आणा. आकडा लिहून ठेवा. दिक्पात लागत असेल तर आता लावा.
2. होकायंत्र नकाशावर ठेवा, पट्टीची कड त्या खुणेवर. तबकडीला हात न लावता पूर्ण यंत्र फिरवा, तळाच्या रेषा नकाशाच्या उभ्या रेषांना समांतर आणि चौकटीचं उत्तर टोक वर येईपर्यंत.
3. कडेने रेषा ओढा. तुम्ही त्या रेषेवर कुठेतरी आहात.
4. दुसऱ्या खुणेचं तसंच. रेषा छेदतात तिथे तुम्ही.

दोन खुणांमधला कोन 60 ते 120 अंशांच्या दरम्यान असावा. जवळजवळ एकाच दिशेच्या खुणा घेतल्या तर छेदबिंदू कितीही सरकतो.

याचा सराव राजगडाच्या बालेकिल्ल्यावर करावा, कारण तिथे आपण कुठे आहोत ते आधीच माहीत असतं. तोरणा 295 ते 300 च्या दरम्यान यायला हवा, सिंहगड 30 च्या आसपास. दोहोंमधला कोन जवळजवळ काटकोन, म्हणजे आदर्श जोडी. सिंहगड टीव्हीच्या मनोऱ्यामुळे चटकन ओळखू येतो. तिसरी रेषा पुरंदराची घ्या, 80 च्या थोडं पुढे. तीन रेषा एका बिंदूत कधीच भेटत नाहीत, छोटा त्रिकोण होतो. त्याचा आकार बघा: 2 अंशांची चूक तोरण्याच्या सात किलोमीटरवर अडीचशे मीटर, म्हणजे नकाशावर 5 मिलिमीटर. सिंहगडाच्या पंधरा किलोमीटरवर तीच चूक नकाशावर सेंटीमीटरभर होते. म्हणून खुणा जवळच्या निवडा. त्रिकोण यापेक्षा मोठा आला तर एखादी खूण चुकीची ओळखली आहे किंवा शेजारी लोखंड आहे.

## 9. फोनचं होकायंत्र

फोनमध्ये चुंबकमापी असतो, तोच दिशा काढतो. वापरण्याआधी कव्हर काढा, चुंबकीय रिंग काढा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवून कॅलिब्रेट करा. सेटिंगमध्ये "ट्रू नॉर्थ" चालू आहे की बंद ते बघा. ते चालू असेल तर फोनने दिक्पात आधीच धरला आहे, तुम्ही पुन्हा धरलात तर तो दोनदा लागतो. महाराष्ट्रात हे लक्षात येत नाही, न्यू जर्सीत 12 अंशांचा फटका बसतो.

फोनचा एक उपयोग मात्र साध्या होकायंत्रातही नाही. क्षेत्राची तीव्रता मायक्रोटेस्लामध्ये दाखवणारं ॲप घ्या. महाराष्ट्रात मोकळ्या जागी आकडा साधारण 40 ते 45 असतो. तो 60 किंवा 25 दाखवत असेल तर त्या जागेवरचं कुठलंही बेअरिंग ग्राह्य धरू नका, फोनचंही आणि सुईचंही. हा आकडा बघून झाला की फोन सॅकच्या खालच्या कप्प्यात टाका आणि मगच होकायंत्र हातात घ्या. दोन्ही एकत्र धरून तुलना करणं निरर्थक आहे, कारण फोनच सुईला ओढतो.

## 10. घरी आल्यावर

होकायंत्र फोन, स्पीकर, चार्जर यांच्या खणात ठेवू नका. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात राहिलं तर द्रव फुगून बुडबुडा होतो. पावसाळी ट्रेकनंतर तबकडीच्या कडेला चिखल बसतो, ती जड फिरू लागते. साध्या पाण्याने धुऊन पुसा, तेल घालू नका. पुढच्या वेळी निघताना दुसऱ्या पायरीतल्या पहिल्या तीन तपासण्या पुन्हा करा. सावलीची चाचणी वर्षातून एकदा पुरते, सुई उलटल्याचा संशय आला तर लगेच.